दादाचा गाऊन, आईची खिडकी

माझा मोठा भाऊ घरी शर्ट घालताना आधी दोन्ही हात मागे नेतो. शर्ट समोर पलंगावर पडलेला असतो आणि दादा भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे किंचित पसरून उभा असतो. दोन-तीन सेकंद तसेच जातात. मग मागे कोणी नाही हे त्याच्या लक्षात येतं, तो उगाच खाकरतो आणि शर्ट उचलतो.

घरच्या लग्नकार्यात मी ही नक्कल करून दाखवतो. हमखास हशा पिकतो. दादाही हसतो, पण जरा उशिरा, सगळ्यांचं ऐकून झाल्यावर.

ही सवय कोर्टाची. न्यायाधीश आपल्या दालनात उभा राहतो, पट्टेवाला खुंटीवरचा काळा गाऊन काढून पाठीमागे धरतो, साहेबांनी मागे न बघता हात न्यायचे, बाह्या आपोआप येतात. मग पट्टेवाला पुढे होऊन दार उघडतो, आत सगळे उठून उभे राहतात. दादाने हे तेहेतीस वर्षं केलं. एका लहानशा तालुक्याच्या कोर्टापासून सुरुवात झाली आणि शेवटी तो शेजारच्या जिल्ह्यात प्रमुख जिल्हा न्यायाधीश झाला, म्हणजे त्या जिल्ह्यातल्या साऱ्या न्यायाधीशांचा मुख्य. मी नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मला कोणी मागून काही घालत नाही. हेल्मेटसुद्धा माझं मलाच घालावं लागतं आणि त्याचा पट्टा अजून एका हाताने लागत नाही.

दादाची निवड झाली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, गाऊन सरकार देत असेल. सरकारने पत्र दिलं. गाऊन ज्याचा त्याने आणायचा होता. कोर्टाजवळच्या दुकानांत तयार मिळत होते, पण आईने एक हातात घेतला, शिवण उलटी करून पाहिली आणि परत ठेवला. आमच्या धंतोलीतल्या निम्म्या बायांचे ब्लाऊज तेव्हा तीच शिवायची. ती मला पिशव्या धरायला घेऊन गांधीबागेच्या कापडबाजारात गेली. दुकानदाराने काळ्या कापडाचे तागे समोर टाकले. आईने एकेकाचं टोक ओढत दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत नेलं, उन्हात धरलं.

"हा निळा मारते," ती म्हणाली. "आन हा लाल मारते. याले तुम्ही काळा म्हणता?"

"काकू, काळा तो काळा," दुकानदार म्हणाला. "त्याच्यात एवढं काय पाह्यचं?"

"माझा पोरगा हे घालून दिवसभर चार लोकांसमोर बसणार आहे. आतमधी सगळेच काळे दिसतात."

सातवा तागा पसंत पडला. तोवर दुकानदाराने मला पाणी पाजलं होतं, दया आल्यासारखं.

नमुन्यासाठी मागच्या गल्लीतल्या एका वृद्ध वकिलांनी आपला गाऊन दिला. तो विटून हिरवट पडला होता. देताना त्यांनी बजावलं, "वहिनी, धुऊ नका आणि इस्त्री तर मुळीच करू नका. चाळीस वर्षं लागली हा रंग यायला." वकिलीत गाऊन जितका विटका तितका माणूस मुरलेला समजतात, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी माझ्या विटक्या शर्टांकडेही आदराने पाहू लागलो. पुढे त्याचा काही उपयोग झाला नाही.

आईने तो पहिला गाऊन तिच्या खिडकीत बसून शिवला. ही खिडकी मागच्या खोलीत, पूर्वेच्या अंगाला. चार फूट रुंद, खाली मांडी घालून बसता येईल एवढा कट्टा. पलीकडे शेजाऱ्यांचं बैठं घर आणि एक पेरूचं झाड. सकाळी सातपासून साडेबारापर्यंत तिथे असा उजेड यायचा की आई चष्म्याशिवाय सुई ओवायची. उन्हाळ्यात त्याच खिडकीत कूलर बसायचा, आणि मग आई कूलरशेजारच्या उरलेल्या फूटभर जागेत शिवणयंत्र सरकवून बसायची. नागपुरातला मे आमच्या घराने त्या खिडकीच्या जिवावर काढला.

पुढे दादाने आणखी दोन गाऊन केले, तेही तिनेच शिवले. आणि दर दिवाळीला दादा गाऊन दुरुस्तीला घेऊन यायचा, कारण तो उजव्या बाजूला खालून उसवायचा. न्यायासनाची पायरी चढताना तिथेच अडकतो म्हणे. आई हातशिलाईने वीतभर दुमड घालून द्यायची आणि म्हणायची, "उचलून चढत जाय ना गा."

"आई, न्यायाधीश गाऊन उचलून चढत नाही."

"काहून? लुगडं नाही उचलत आम्ही?"

नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात दादाने आम्हाला समोर बसवून नियम सांगितले होते. कोणाकडून मिठाईचा डबा घ्यायचा नाही. वकिलाला घरात बसवायचं नाही. तो कोर्टात बसतो ते पाहायला कोणी यायचं नाही. आणि आपला भाऊ किंवा मुलगा न्यायाधीश आहे, हे कुठेही सांगायचं नाही.

"मंग तू जज्ज झाला ते आम्ही कोणाले सांगाचंच नाही?" आईने विचारलं.

"नाही."

"तुझ्यासाठी पोरगी पाह्यले गेलो तं?"

दादा थोडा विचारात पडला. "तेव्हा सांगा," म्हणाला.

मी हे नियम पाळले, असं म्हणणं म्हणजे स्वतःचं कौतुक करणं होईल. एकदा व्हेरायटी चौकात सिग्नल तोडल्यावर मी पोलिसाला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "असं का? माझे मामा मंत्री आहेत." मी गुपचूप पावती घेतली. आई मात्र एकदाही चुकली नाही. भाजीवालीने "मोठा पोरगा काय करते, काकू?" असं विचारलं की ती म्हणायची, "कचेरीत आहे."

सात वर्षांपूर्वी शेजारचं बैठं घर विकलं गेलं आणि तिथे चार मजली नर्सिंग होम आलं. धंतोलीत हे नवीन नाही. आमच्या गल्लीत आता माणसांपेक्षा सलाईनच्या बाटल्या जास्त राहतात. पेरू गेला, आणि आईच्या खिडकीसमोर, गजांतून हात काढला तर तळवा टेकेल एवढ्या अंतरावर, भिंत उभी राहिली. सोडायला हवी होती ती जागा सोडलेली नव्हती. वारा बंद झाला. कूलर लावला तर तो आपलीच ओली हवा पुन्हापुन्हा ओढून खोलीत वाफ करायचा. सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइट लावावी लागू लागली.

मी म्हटलं, "आई, समोरच्या खोलीत ये."

"तिथं काय आहे?"

"खिडकी आहे."

"ते रस्त्याची आहे," ती म्हणाली. "माझी हे आहे."

माझ्या बायकोनेही सांगून पाहिलं. आईने तिला एवढंच म्हटलं, "तू म्हणशील तं जेवाले येईन वं समोर. पण बसीन इथंच."

मग आईच्या नावाने दावा लावला. हवा-उजेडाचा हक्क, एवढ्या वर्षांची खिडकी, भिंत काढून द्यावी. आमच्या वकीलबाई कागद पाहून म्हणाल्या, "केस चांगली आहे. सरळ आहे." आईने दादाला फोनवर सांगितलं. मग तो म्हणाला, "कर. पण मला त्यातलं काही सांगू नका."

मी मनात म्हटलं, सांगायची गरज काय? केस सरळ आहे.

पहिल्या कोर्टात केस लागली. तिथले न्यायाधीश दादाच्या बरोबरीचे, एकाच वर्षी नोकरीत आलेले. त्यांनी आईचं नाव वाचलं, पत्ता वाचला आणि फाईलवर लिहिलं की हे प्रकरण माझ्यासमोर नको. कोर्टात याला सगळे 'नॉट बिफोर मी' म्हणतात. ओळखीच्या माणसाचा न्याय करायला बसू नये, म्हणून न्यायाधीश बाजूला होतो. मग फाईल वरिष्ठांच्या टेबलावर जाते, तिथून दुसऱ्या कोर्टात, तिथे आधीच्या केसेसच्या मागे लागते, आणि आपला नंबर येईपर्यंत सात-आठ महिने जातात.

दुसऱ्या कोर्टातले साहेब एका तालुक्यात दादाच्या हाताखाली काम करून गेलेले निघाले. नॉट बिफोर मी.

तिसऱ्या कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. तरुण, अकोल्याकडच्या. मी खूश झालो, या कुठून ओळखणार? त्यांनी फाईल उघडली, पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढून आमच्या वकीलबाईंकडे पाहिलं. "अकादमीत मला सर होते," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला आठवलं. मधली दोन वर्षं दादा नव्या न्यायाधीशांना शिकवायला प्रशिक्षण अकादमीत होता. आम्हाला वाटायचं, बरं आहे, खटले नाहीत, आरामाची बदली आहे. ती बदली आम्हाला केवढ्यात पडणार होती ते आता दिसू लागलं. विदर्भातल्या निम्म्या तरुण न्यायाधीशांचा तो मास्तर होता.

चौथ्या कोर्टातही तेच झालं. त्या साहेबांनी तर आदेश लिहिताना वर बघून आईबद्दल विचारलं, "तब्येत कशी आहे त्यांची?" आणि मग फाईल मिटली. एवढ्या आदराने आमचं कोणी वाटोळं केलं नव्हतं.

त्या रविवारी मी दादाकडे गेलो. नियम मोडून विचारलं, "दादा, तू या लोकांना अकादमीत शिकवलंस तरी काय?"

"का?"

"सगळे फाईल खाली ठेवताहेत."

त्याने हातातलं वर्तमानपत्र घडी केलं. "हेच शिकवलं," तो म्हणाला. "मनात जरा जरी शंका आली तरी फाईल खाली ठेवायची. पक्षकाराला वेळ लागेल. लागू दे."

"तो पक्षकार ब्याऐंशी वर्षांचा असला तर?"

त्याच्या चेहऱ्यावर आधी समाधान आलं होतं, मी पाहिलं होतं. शिकवलेलं मुलांच्या ध्यानात राहिलं याचं मास्तरला जे वाटतं ते. मग ते समाधान त्याचं त्यालाच दिसलं असावं. तो उठून पाणी प्यायला गेला, ते बराच वेळ पीत राहिला.

दादाला न ओळखणाऱ्या न्यायाधीशाकडे केस द्यावी, असा अर्ज वकीलबाईंनी वरच्या कोर्टात करून ठेवला. तोही नंबरात आहे.

आणि गेल्या हिवाळ्यात पाचव्या कोर्टात कोकणातून बदलून आलेले एक साहेब आले. त्यांनी आईचं नाव वाचलं, पत्ता वाचला आणि म्हणाले, "बरं. पुढे?" आमचं आडनाव नागपुरात गल्लोगल्ली आहे, याचा मला आयुष्यात प्रथमच आनंद झाला. दोन तारखा सुरळीत गेल्या. माझ्या कारखान्यातल्या साहेबाने अर्ध्या दिवसाची रजा सही करताना विचारलं, "काय हो, अजून खिडकीच का?" मी म्हटलं, "आता दार उघडलंय." फार चांगलं बोललो असं वाटून बसमध्ये एकटाच हसलो.

मग आईच्या साक्षीची तारीख आली. वयाकडे पाहून घरी साक्ष घ्यायची सोय होऊ शकत होती, पण आई ऐकेना. "मले कोर्ट पाह्यचं आहे," म्हणाली. तिच्या मुलाने तीस-बत्तीस वर्षं कोर्टात काढली आणि तिने कोर्टाची पायरी पाहिली नव्हती. तिला कोण अडवणार?

मी मात्र तिला आठ दिवस शिकवत होतो. "आई, विचारलं तेवढंच सांगायचं. दादाचं नाव काढायचं नाही."

"मी कधी काढलं आजपर्यंत?"

"खिडकी, भिंत, उजेड. बस."

"पाठ झालं रे बाप्पा."

हे बरोबर की चूक, याचा मी विचार केला नव्हता असं नाही. कोणी विचारत नसेल तर आपण कशाला सांगायचं, एवढ्यावर मी तो थांबवला होता. दादाला कळवलं नाही. त्यानेच सांगितलं होतं ना, मला सांगू नका म्हणून.

आईने इस्त्रीचं पातळ नेसलं. न्यायासनाच्या बाजूलाच असलेल्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिला खुर्ची दिली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, अशी शपथ तिने इतक्या मोठ्याने घेतली की मागच्या बाकावरचा एक वकील जागा झाला. समोरच्या बाजूचे वकील सभ्य होते. खिडकी कधीपासून, किती रुंद, कोणत्या वेळी उजेड यायचा. आई नेमकी उत्तरं देत होती. पण मी पाहत होतो, तिचं लक्ष वकिलाकडे नव्हतं. ती साहेबांच्या गाऊनकडे बघत होती. कापड, बाह्यांच्या चुण्या, खांद्याची शिवण. बसलेल्या न्यायाधीशाच्या अंगावर गाऊन तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

मध्येच साहेब घराचा नकाशा पाहायला उठून पुढे झुकले. गाऊनची कड लोंबली.

"साहेब," आई म्हणाली, "तुमचं खालून उसवलं आहे."

सगळे हसले. साहेबांनी खाली पाहिलं, तेही हसले. "खरंच की. राहून जातं, आजी."

"उजव्या अंगालेच उसवते. माझ्या मोठ्याचाबी तिथंच उसवते."

साहेबांनी सहज विचारलं. अगदी सहज, आजीशी दोन शब्द बोलावं म्हणून. "मुलगा वकील आहे का तुमचा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत. काय करायचं असतं अशा वेळी? तिने पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला होता, मघाशी शपथ घेताना ठेवला होता तसाच.

"वकील नाही, साहेब," ती म्हणाली. "जज्ज आहे."

"कुठे?"

तिने जिल्हा सांगितला. नाव सांगितलं. एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर, तीन गाऊन आपणच शिवले, तेही सांगितलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सरांच्या आई?" ते हळूच म्हणाले. मग त्यांनी वरूनच आईला नमस्कार केला, आणि बसून लेखनिकाला तोच आदेश सांगायला लागले, नॉट बिफोर मी. कोकणातून आले तरी अकादमी एकच होती. मला ते डोक्यातच आलं नव्हतं.

घरी येताना रिक्षात, धंतोलीच्या वळणावर आई म्हणाली, "त्यायनं विचारलं ना पण."

"हो."

"मंग?"

शेजारच्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी संध्याकाळी तिचं बीपी तपासलं, वाढलेलं निघालं. ते पैसे घेत नाहीत आमच्याकडून. आई त्यांना म्हणाली, "भिंत तुमची, बीपी माझा." डॉक्टर बिचारे मशीन गुंडाळत राहिले.

दादाला निवृत्त व्हायला तेव्हा तीन आठवडे होते. मी फोनवर सगळं सांगितलं, शिकवणीसकट. तो मला रागावला नाही. रविवारी सकाळीच आला. आई कट्ट्यावर बसली होती, पाठीशी गज आणि गजांपलीकडे भिंत.

"मी बिघडवलं का रे सगळं?" तिने विचारलं.

"नाही आई. तू शपथ घेतली होतीस. काही वेगळं सांगितलं असतंस तर मला वाईट वाटलं असतं."

"वाईट तं मले वाटून राहिलं आहे."

दादा तिच्याजवळ बसला. तेहेतीस वर्षं लोकांना निकाल देणारा माणूस, मांडीवर हात ठेवून बसून राहिला. मग आईच म्हणाली, "तुझा गाऊन आणला का? उसवला असंल."

तो गाडीत होता. मी आणला. उजव्या बाजूला वीतभर दुमड खरंच सुटली होती. आईने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, रीळ काढलं. सकाळचे अकरा वाजले होते. ट्यूबलाइट लावली, तरी पुरेना, म्हणून मी मोबाईलचा टॉर्च धरला. सुई मी ओवायला गेलो, जमली नाही. दादाला जमली नाही. शेवटी स्वयंपाकघरातून माझी बायको येऊन ओवून गेली, आम्हा तिघांकडे एकदा बघून. आईने अर्धा तास खर्चून टाके घातले. एकसारखे, बारीक. दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, "हे शेवटचं."

गाऊन गाडीत ठेवायला मी बाहेर आणला. उन्हात आलो आणि थांबलो. काळ्या कापडावर वीतभर निळे टाके. बायकोच्या साडीच्या फॉलचं गडद निळं रीळ त्याच डब्यात होतं. खोलीत ते काळंच दिसलं होतं, तिलाही आणि टॉर्च धरून बसलेल्या मलाही.

दादा मागून आला. मी कड दाखवली. त्याने बोटाने टाक्यांवरून एकदा हात फिरवला.

"शिंप्याकडे देऊ?" मी विचारलं.

"नको. आणि तिला सांगू नकोस."

"शेवटच्या दिवशी ती येणार आहे तिथे."

"लांब बसव," तो म्हणाला.

शेवटच्या कामाच्या दिवशी न्यायाधीशाला त्याच्याच कोर्टात निरोप देतात. त्या दिवशी घरच्यांनी आलेलं चालतं. कोर्टाची इमारत जुनी, छत उंच, आणि खिडक्या अशा की आमचा पलंग उभा करून आत नेता आला असता. मी आईला मागच्या रांगेत नेत होतो, पण कर्मचाऱ्यांनी तिला ओळखलं. "साहेबांच्या आई!" म्हणत त्यांनी तिला धरून पहिल्या रांगेत बसवलं. आदराने आमची पाठ काही सोडली नाही.

दार उघडलं. सगळे उठले. आई खुर्चीचे हात धरून उठायला लागली, मी म्हटलं, "तू बस." "सगळे उभे आहेत," ती म्हणाली आणि उभी राहिली, स्वतःच्या मुलासाठी. दादा आला, पायरी चढला. खिडकीचं ऊन नेमकं पायरीवर होतं.

आईचा हात माझ्या मनगटावर आला. "लहान्या," ती कुजबुजली, "निळा आहे."

"काय निळा?"

"दोरा."

"काळाच आहे गं."

"उजेडात मले रंग शिकवतो?"

भाषणं झाली. कोणी म्हणालं की सरांनी एक पिढी घडवली. मला माहीत होतं, ती पिढी आमची फाईल ओळीने खाली ठेवून गेली होती. आईने एकही भाषण ऐकलं नाही. ती त्या कडेकडे बघत होती.

नंतर दालनात आम्ही चौघंच होतो: आई, दादा, मी आणि दादाचा पट्टेवाला, जो स्वतःही पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता. बाकीचे चहाला गेले होते, मग सर्वांचा फोटो होता. आई खिडकीशी खुर्ची ओढून बसली.

"काढ तो," ती दादाला म्हणाली.

"आई, राहू दे आता. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"तुले दिसला होता?"

दादाने मान हलवली.

"आन घालून आला?"

पट्टेवाला मागे गेला, गाऊन खांद्यावरून उतरवून घेतला आणि आईच्या मांडीवर ठेवला. तिने पदराची पिन काढली आणि एकेक टाका उसवू लागली. त्या उजेडात तिला चष्मा लागला नाही. निळ्या दोऱ्याचे तुकडे तिने गोळा करून रुमालात बांधले. मग पट्टेवाल्याला म्हणाली, "भाऊ, काळा दोरा आणून दे थोडा. आन सुई."

तो गेला आणि फायली शिवायचं दाभण, जाड पांढरा दोरा आणि लाल फीत घेऊन आला. "माय, काळा दोरा नाही इथं," तो म्हणाला, अपराध्यासारखा. "कोर्टात लागतच नाही."

आई सुटलेली कड हातात धरून बसली. ऊन तिच्या हातांवर होतं, गुडघ्यांवर होतं.

"माझ्या खिडकीची तारीख कधी आहे?" तिने विचारलं. सात वर्षांत तिने तारीख स्वतःहून विचारली नव्हती.

"पुढल्या महिन्यात," मी म्हणालो. "सहावं कोर्ट."

"तिथले साहेब कोण आहेत?"

मी दादाकडे पाहिलं. त्याने ते नाव आधीच पाहिलं असणार, कारण तो खाली बघत होता. "मी त्यांना..." तो म्हणाला आणि थांबला.

"शिकवलं असंल," आई म्हणाली. "बरं."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, फोटोसाठी सगळे थांबलेत म्हणून. पट्टेवाल्याने आईच्या मांडीवरचा गाऊन उचलला, झटकला आणि सवयीने दादाच्या मागे धरून उभा राहिला. दादाचे हात मागे गेले. कड उजवीकडे वीतभर लोंबत होती, तसाच तो बाहेर गेला.

फोटो आईच्या खोलीत आहे, खिडकीच्या गजांनाच अडकवलेला, खिडकीचा आता दुसरा काही उपयोग नाही म्हणून. मधोमध दादा, शेजारी सगळे, गाऊन कमरेपर्यंत दिसतो. कोणी पाहायला आलं की आई ट्यूबलाइट लावते आणि बोट फोटोच्या चौकटीखाली, मोकळ्या गजावर ठेवते. "इथं उसवलेला होता," ती सांगते.